नदीकडचं बूच

दहिसर (पूर्व),
शनिवार, १७ मे २०२५

प्रिय जानकी,

सप्रेम नमस्कार. तू माझा नंबर ब्लॉक केलायस, म्हणून कागद. विमलामावशी दुपारी लेकीकडे, तू आहेस तिकडे मालाडलाच निघाल्यात, त्यांच्या हाती देतेय. फाडू नकोस गं, आधी वाच.

इकडे ठीक. गार्गीची कावीळ उतरतेय, आता खिचडी बघितली की तोंड वाकडं करते. तुझ्या बंद दारापुढच्या कढीपत्त्याला मी पाणी घालते. डोहावर राखणीच्या पाळ्या चालूच आहेत, पण मासे मेल्यावर राखायचं काय? तळाशी दोन-चार शिंगट्या दिसल्या म्हणे. मरळ एकही नाही. मे महिन्यात नदीत पाणी उरतं ते त्या डोहातच; तिथले मासे जगले तर पावसाळ्यात नदीभर पसरतात, हे आपणच सहा वर्षं घरोघर सांगत फिरलो. जाळं नाही, गळ नाही, साबण नाही.

उद्या दहाला समितीची बैठक आहे. डोहात विष घातलं म्हणून तुझ्या नवऱ्याविरुद्ध, बाळाविरुद्ध, पोलिसांत तक्रार द्यायची, असा ठराव येणार. सेक्रेटरी म्हणून त्यावर सही माझी. तक्रार गेली तर त्याची माळ्याची नोकरी गेलीच समज.

मागच्या रविवारी मी काय वाचलं ते तू ऐकलंस. समिती झाली त्या पहिल्याच दिवशी बाळा आपणहून उठून म्हणाला होता की, पोरवयात गावच्या वहाळात ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारलेत, म्हणून आता राखायचेत. केवढ्या टाळ्या वाजवल्या होत्या आपण! मी ते वहीत लिहून ठेवलं. आता मेलेल्या माशांना पावडरीचा वास आला, आणि मी तेच पान उघडून सगळ्यांसमोर वाचलं. माणसानं खरं बोलावं आणि आपण ते त्याच्याच गळ्यात बांधावं. बाळा एवढंच म्हणाला, "ह्या मी करूक नाय." तू माझ्याकडे बघत होतीस. मी वहीत बघत होते.

किती टाळू? ऐक.

मासे मेले त्याच्या आदल्या दिवशी चाळीची टाकी धुवायची पाळी माझी होती. गार्गीचे डोळे पिवळेधम्मक, डॉक्टर म्हणाले पाण्यातूनच झालंय. मला त्या टाकीचाच राग आला होता. वाटीभर पावडर पुरते तिथे मी अख्खी पिशवी ओतली. धुतलेलं पाणी बादल्यांनी काढून रस्त्याकडच्या गटारात टाकायचं, हा नियमही माझाच. पण पोरगी घरात एकटी ओकत होती. मी नदीकडचं बूच काढलं आणि घरी पळाले. ते पाणी सरळ डोहात उतरतं, हे मला ठाऊक होतं. त्या क्षणी मला मासे आठवलेच नाहीत.

सकाळी ते उलटे तरंगताना पाहिले आणि मला कळलं. तेव्हाच, जानकी. बैठकीच्या आधी. बूच काढलं ती चूक म्हण हवं तर, पण वही उघडली ती चूक नव्हती.

चैतन्यला सांगितलं. तो म्हणतो, "गप बस ना यार. मासेच मेले ना? चाळीत तोंड दाखवता येणार नाही आपल्याला." नवऱ्याचं कधी नव्हे ते ऐकलं बघ, तेही नको तिथे. चाळीची भीती वाटत होती. तुझी जास्त.

माफी मागायला तोंड नाही. उद्या बैठकीला बाळाला घेऊन ये, एवढंच मागते.

उद्या सकाळपर्यंत माझा काही भरवसा नाही, मी मला ओळखते. म्हणून इथवर लिहिलं, फोटो काढला आणि समितीच्या ग्रुपवर टाकला. चौदा जणांनी पाहिलाय. खाली चौकात माणसं गोळा होतायत, माझं नाव ऐकू येतंय. चैतन्य दार लावून घे म्हणतोय. मी हे मावशींकडे द्यायला खाली उतरते.

डोहातले मासे मारणारी,
शीतल