साडेआठच्या फोनवरची उन्नती

वाडी, नागपूर

प्रिय रंभाताई,

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार. फार उशिरा लिहितो आहे, त्याची आधी माफी मागतो. तुझ्या डोळ्यांवरची पट्टी निघाली त्याच दिवशी फोन करायला पाहिजे होता. केला नाही. नंतर तुझे फोन आले, तेही उचलले नाहीत. फोन बिघडला नव्हता, मी आजारी नव्हतो. पलंगावर समोरच बसलो होतो, तो वाजत होता आणि मी त्याच्याकडे बघत होतो. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन चांगलं झालं, हे तुझ्या सोनिकाकडून कळलं आणि जीव भांड्यात पडला. पण नात तुझी ती, पुढच्याच दमात म्हणाली, "आबाजी, आता आजी सोताच टीव्ही पाहते. तुमची ड्युटी खतम!" ती हसली, म्हणून मीही हसलो. तेव्हापासून फोन हातात घेतो आणि परत ठेवतो. हे पत्र तूच वाच, आता तुला वाचता येतं. तुझ्या लेकाला, कुशलला, देऊ नको, तो बाजारात चार संत्रेवाल्यांना सांगून हसेल. चौथीतून काढून मागावर बसवलेल्या माणसाचं अक्षर आहे, लागेल तसं लावून घे.

आपलं हे फोनचं कसं सुरू झालं, आठवतं? मोतीबिंदू पिकू द्या, पिकू द्या म्हणता म्हणता तुला टीव्हीतली माणसं सावलीसारखी दिसायला लागली. मी शहाणपणानं म्हणालो, दिसत नाही तर ऐकत जा. तू अशी चिडलीस! "काय आयकू गा नत्थू? बोलते कोण तिथं? नुसतं ढँण ढँण वाजून राह्यलं. कोण कोणाकडे पाहून राह्यलं ते मले कसं समजावं?" तुझं बरोबर होतं. अर्ध्या तासातला अर्धा वेळ ती माणसं एकमेकांची तोंडंच बघतात. सून तुझी चुलीपाशी, सोनिका मोबाईलमध्ये, कुशल बाजारातून आलेला नाही, मग तुला सांगणार कोण? तेव्हा ठरलं की मालिका आठला मी बघायची, आणि साडेआठला फोन करून तुला सांगायची.

आणि काय काय सांगायला लागायचं! त्या घरात कोणी भांडी घासत नाही, कोणी भाजी निवडत नाही. सासू मीराबाई झोपते तीसुद्धा नाकात नथ घालून. थोरली सून उन्नती, तिला सातवा महिना लागला तो होळी गेली, दिवाळी गेली, तरी सातवाच. धाकट्या करिष्मानं तिच्या खिरीत विष कालवलं, ती वाटी स्वयंपाकघरातून टेबलापर्यंत पोचायला आठवडा लागला. तू तिकडे काटोलात ओरडत होतीस, "सांड वं ते वाटी, सांड!" आणि मी इकडे ओरडत होतो. त्या नवऱ्याला, मोहितला, बायकोवर विश्वास ठेवायला कोणी शिकवलंच नव्हतं. कोणीही उठून कागद दाखवावा, यानं लगेच डोळे पुसावेत. त्याच्या गोदामाला करिष्मानं आग लावली, त्या दिवशी पहारेकरी खुर्चीत घोरताना दाखवला. माझं डोकंच फिरलं. इथं ट्रान्सपोर्टच्या गोदामावर मी वर्षानुवर्षं रात्रपाळी केली, ट्रकचा हॉर्न अनोळखी वाटला तरी काठी घेऊन उठायचो. मी तापलो आणि तू म्हणालीस, "जाऊ दे गा, त्यायनं तुयं नाव थोडंच घेतलं." बीपीची गोळी घेऊन झोपलो होतो त्या दिवशी.

आता जे लिहायचं ते लिहितो. मागच्या उन्हाळ्यात तुला ताप होता, ते दिवस आठव. उन्नतीला त्या लोकांनी घराबाहेर काढलं, ती पिशवी घेऊन निघाली, तिथवर मी तुला खरं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी आठला टीव्ही लावला, तर करिष्मानं तिला डोंगरावरून ढकललं आणि जाहिरात संपेपर्यंत तिच्या फोटोला हारसुद्धा घातला. आमच्या घरमालकांची सून मयुरी म्हणाली, त्या नटीनं काम सोडलं म्हणून मारून टाकली. एवढी वर्षं आपण जिच्यासाठी जीव टाकला, तिला एवढ्यावर संपवलं. मी फोन लावला. तुझा आवाज तापानं बसलेला, आणि पहिलंच विचारलंस, "पोचली का गा ते पोरगी कुठं? रातभर मले झोप नाही." माझ्या तोंडून निघून गेलं, पोचली. कुठं, म्हणून विचारलंस. म्हणालो, भावाकडे. ताई, मालिकेत तिला भाऊच नव्हता. मी दिला.

एका दिवसापुरतं म्हणालो होतो, तुझा ताप उतरला की सांगू. पण दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, भावानं जेवायला काय घातलं? मी म्हणालो, भाकर आणि वांग्याची भाजी. चहा दिला का? दिला. मग रोज काही ना काही सांगावं लागलं. भाऊ एकटा, थोडा विसराळू. उन्नती त्याला पडदे धुवत नाही म्हणून बोलते, तो तिच्या वरणात मीठ कमी म्हणतो, ती म्हणते मग तूच कर. गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवायला लागली. कोणी कोणाला ढकलत नाही, कोणी दाराआडून ऐकत नाही, वीज कडाडत नाही. मला वाटलं, तुला कंटाळा येईल. तर तू म्हणालीस, "आता सुधरली गा मालिका! लिवणारा बदलला काय?" मी म्हणालो, असेल बदलला. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला फार बरं वाटलं. पुढं पुढं मी आठला टीव्ही लावणंच सोडलं. दिवाबत्ती करून बसायचो आणि आज उन्नतीनं काय रांधलं असेल त्याचा विचार करायचो. एकट्यासाठी मी स्वतः खिचडीच टाकतो, पण तिच्या घरी रोज वेगळी भाजी असायची.

आता तुझे डोळे उघडले. तू टीव्ही लावला असशील, तर, मयुरी सांगते तसं, मोहितचं दुसरं लग्न होऊन त्याचे केस पांढरे झालेले दिसले असतील आणि उन्नती भिंतीवर फोटोत दिसली असेल. तुला काय वाटलं असेल, याचा विचार करून माझं जेवण गोड लागत नाही. तू शिव्या दे, त्या मी खाईन. पण मला दुसरीच भीती आहे. तू काहीच बोलणार नाहीस, राहू दे गा म्हणशील, आणि फोनची गरज संपेल. परवा तर मी बसस्टँडवर जाऊन काटोलच्या बसमध्ये बसलोसुद्धा. कंडक्टर तिकिटाला आला आणि मी उतरलो. तो म्हणाला, "काटोलचीच हाय बाबाजी, उतरता काहून?" काय सांगू त्याला? पुण्याहून पोरगा रजत रविवारी फोन करतो, गोळ्या घेता का विचारतो, मी घेतो म्हणतो, झालं. बाकी दिवसभर इथं ट्रक बोलतात. साडेआठ वाजले की मी अजून घसा साफ करतो. सवय आहे.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. एकदा मधेच तू विचारलं होतंस, "भावानं बलावलं होतं का तिले, का ते आपल्या मनानंच गेली?" मी म्हणालो, बोलावलं होतं. मला वाटलं फोन कटला. मग म्हणालीस, "मंग बरं." त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. तुझी भावजय मैना गेली, महाल भागातली जागा विकली, तेव्हापासून मी तुला एकदाही बोलावणं धाडलं नाही. भाऊबीज आली की मी म्हणायचो तुझ्या डोळ्यांना प्रवास झेपायचा नाही, आणि तू म्हणायचीस माझ्या गुडघ्यांना. खरं म्हणजे मला लाज वाटायची. गोदामामागं एक खोली, दारात डिझेलचा वास, याला बहिणीचं माहेर कसं म्हणावं? आणि आई म्हणायची तसं, बोलावल्याशिवाय लेक माहेरी येत नाही, हे तू पाळत राहिलीस. ताई, मालिकेचं सांगायला मी हे पत्र लिहिलं नाही. बोलावण्यासाठी लिहिलं आहे. फोनवर माझ्या तोंडून निघालं नसतं. खोलीला चुना मारला, मालकांकडून दुसरा पलंग मागून आणला, तो खिडकीशी लावला आहे. चार दिवस ये, महिनाभर राहा, जमेल तसं. कुशल सोडायला येत नसेल तर मी न्यायला येतो, आता उतरणार नाही. रागावली असशील तर रागावूनच ये. फक्त येते की नाही ते लवकर कळव, उद्याच फोन कर, केव्हाही कर. पहिल्या घंटीला उचलतो.

तुझाच,
नत्थू