काचेच्या गोट्या

तळेघर, मंगळवार, संध्याकाळ

गांबियाचा इतिहास वाचतो आहे, पण मन एकाच जागी अडतं. देश स्वतंत्र झाला तेव्हा तिथे फार थोड्यांना वाचता येत होतं, म्हणून मतपत्रिकेऐवजी काचेची गोटी. प्रत्येक उमेदवाराचं रंगवलेलं पिंप. आडोशाला एकट्याने जायचं, गोटी टाकायची. ती पडली की पिंपात घंटा वाजते; दोनदा वाजली तर बाहेरच्यांना चोरी कळते. त्या दिवशी जवळपास सायकलही आणायची नाही, तिची घंटा वाजेल म्हणून.

लष्करी बंड करून आलेला, बावीस वर्षं सत्तेवर बसलेला माणूस याच गोट्यांनी हरवला. हार आधी मानली, मग नाकारली, शेवटी देश सोडून गेला. गोट्यांनी!

तांदूळ निवडत बसलेल्या आत्याला हे सांगितलं. तिचा हात थांबला.

"म्हंजी आत संगं कुणीच न्हाई?"

"कुणीच नाही."

दर निवडणुकीला तिचा मुलगा बबन "आईला दिसत न्हाई" असं सांगून तिच्याबरोबर आत जातो आणि बटण स्वतःच दाबतो. तिला तांदळातला बारीक खडा दिसतो. मला हे माहीत होतं. मी कधी बोललो का?

उद्या ग्रामपंचायतीचं मतदान. बबन आला. "आये, सकाळी लवकर आटप. गाडी काढतो."

"काढ की. पर तू भाईर थांबायचं."

"आन् चुकीचं बटण दाबलंस म्हंजी, म्हातारे?"

"चुकंल. माझं चुकंल."

बबन हसून माझ्याकडे वळला.

मी म्हटलं, "उद्या आपण दोघं बाहेर उभे राहू."