पाहणीपूर्वी माझा डावा डोळा न काढण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख,
चित्रचिप प्रयोगशाळा

विषय : वरीलप्रमाणे.
संदर्भ : आपण काल जिन्यात दिलेला तोंडी आदेश.

महोदय,

फिल्मशिवाय, नुसत्या सिलिकॉनच्या चिपवर चित्र टिपायच्या आपल्या प्रयोगात मी चाचणीचा चेहरा म्हणून कामाला आहे. चिपला उजेड पुरत नाही, म्हणून प्रखर दिव्यांसमोर हनुवटी टेकवून बसणे हे माझे काम. भुवया जळाल्या, त्याबद्दल तक्रार नाही. चित्रात त्या तशाही येत नव्हत्या.

१. अख्ख्या घाण्यातून एकच चिप जिवंत निघाली, पण तिच्यातल्या एका उभ्या रांगेचा तुकडा मेलेला आहे. पडद्यावर तिथे काळा पट्टा दिसतो, तो नेमका माझ्या डाव्या डोळ्यावर. पाहणीला आलेल्या समितीने विचारले तेव्हा आपण बेधडक सांगितलेत, "दोष कसला? माणूसच काणा आहे, पट्टी बांधतो. बघा, कसं हुबेहूब टिपलंय!" समितीने टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून आपल्या आदेशानुसार मी पट्टी बांधतो. सहकारी "या काणेशेठ" म्हणतात. पत्नी म्हणते, "अहो, जेवताना तरी काढा, इथं कुठली समिती बसलीय?" परंतु आदेशात जेवणाची सवलत नाही.

२. आता समिती दयेपोटी डोळ्यांचा डॉक्टर घेऊन येत आहे. पट्टीखाली धडधाकट डोळा सापडला तर प्रयोगशाळेला टाळे लागेल, हे मान्य. चिपचा दोष कबूल करावा असे मी सुचवले, त्यावर आपण म्हणालात, "अशी चिप पुन्हा निघायची नाही. तुला डोळे दोन आहेत." मोजणी बरोबर आहे. तरीही तो डोळा मला लागतो.

३. खुर्ची दोन बोटे सरकवल्यास काळा पट्टा डाव्या कानावर येतो, अशी तंत्रज्ञ ताईंनी खात्री केली आहे. खुर्ची बोल्टने जखडलेली असून ती हलवल्यास आधीची सर्व मापे वाया जातील, याची जाणीव आहे. डोळा बरा झाला व मध्यंतरी कान गेला, असे समितीला सांगता येईल.

तरी बोल्ट काढण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. कान काढण्यास माझी हरकत नाही. पत्नीलाही विचारले. ती म्हणाली, "घेऊन जा म्हणावं. माझं ऐकायला तो कधी वापरलाय?"

आपल्या दिव्यासमोरचा नम्र,
चाचणीचा चेहरा (हंगामी)

दिनांक : पाहणीची पूर्वसंध्या

सोबत : पत्नीचे संमतीपत्र (फक्त डाव्या कानापुरते).