चौथी किल्ली

प्रिय धाकट्या,

पत्राची सुरुवात प्रकृतीच्या चौकशीने करायची असते, पण तू ठीक आहेस हे मला माहीत आहे. एकोणीस वर्षांत आईला तू सात कार्डं पाठवलीस आणि सातही कार्डांवर तेच चार शब्द: आई, मी ठीक आहे. ना गाव, ना पत्ता, शिक्के दर वेळी वेगळ्या ठिकाणचे. सूत्रकारांनाही हेवा वाटावा असा संक्षेप. शाळेत तुला संस्कृत मीच शिकवलं आणि शंभरात अकरा गुणही मीच दिले. आणखी दहा-पाच द्यायला हरकत नव्हती, असं हल्ली वाटतं.

बातमी अशी की आपण घर घेतलं. 'आपण' असं मी सवयीने लिहिलेलं नाही, विचार करून लिहिलं आहे. आपली जुनी इमारत धोकादायक ठरली. जिन्याची तिसरी पायरी तुझ्या वेळीच हलत होती, पुढे बाकीच्या पायऱ्यांनीही तिचा कित्ता गिरवला. जागा सोडायला वर्षभराची मुदत मिळाली आणि मी, तुझी वहिनी आणि आई, अशी तिघं रविवार सकाळ झाली की घरं बघत फिरू लागलो. सोबत एक एजंट. भला माणूस, फक्त त्याच्या मते प्रत्येक घर स्टेशनपासून पाच मिनिटांवर होतं. ही पाच मिनिटं कुणाच्या चालीने मोजायची, हे त्याने कधी सांगितलं नाही.

तू मला ओळखतोस. मी वही केली. उजेड, पाणी, ओल, वारा, शेजार असे रकाने पाडले. प्रत्येक घराचा आधी पूर्वपक्ष मांडायचा, मग त्याचं खंडन, मग सिद्धान्त. वहिनीने ती वही दोनदा भाजीच्या पिशवीत हरवली, त्यामागे हेतू होता असं माझं मत आहे. आईला मात्र कुठल्याच रकान्यात रस नव्हता. ती घरात शिरायची, ओट्यावर एकदा हात फिरवायची आणि काठी टेकत खाली उतरायची. चौऱ्याहत्तरीचे गुडघे, आम्हाला वाटायचं दमली असेल. खाली येऊन पाहावं तर ही समोरच्या दुकानात. साबणवाला असो, न्हावी असो, चपला शिवणारा असो, हिचा प्रश्न एकच: तुम्ही इथे किती वर्षं आहात? एके दिवशी एजंटाने वहिनीला बाजूला घेऊन हळूच विचारलं, आजींना दुकान टाकायचंय का?

पहिलं घर सगळ्यात चांगलं होतं. नव्या टॉवरमध्ये, अकराव्या मजल्यावर, लिफ्ट स्वतः बोलणारी. आईने खाली पहारेकऱ्याला तिचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, दोन महिने झाले, पुढच्या महिन्यात दुसरीकडे बदली. झालं, ते घर बाद. दुसरं जरा लांब होतं, पुढे बाग, मागे विहीर, वही तर त्या घराच्या प्रेमातच पडली. पण तिथे पोचायला दोन बस बदलाव्या लागत आणि उतरल्यावर अर्धा मैल नुसती कुंपणं. आई थांब्यावर उभी राहून म्हणाली, इथे येणाऱ्या माणसाने विचारायचं कुणाला? मी म्हटलं, आपल्याकडे येणार आहे कोण, वहिनीची बहीण आणि विम्याचा माणूस. दोघांनाही पत्ता पाठ आहे. मी विनोद केला, असा त्या वेळी माझा समज होता.

तिसरं घर एका जुन्या उपनगरातलं. दोन रेल्वेमार्ग तिथे एकत्र येतात, त्यामुळे कुठूनही निघालेला माणूस फार न चुकता तिथे उतरतो. स्टेशनच्या पायऱ्यांशी चपला शिवणारा बसतो, त्याच जागी त्याचा बाप बसायचा. मग पुस्तकांचा स्टॉल, मग पावाची भट्टी, मग एक औषधांचं दुकान, त्यात अजून लाकडी खण आहेत आणि दुकानदार त्यांतल्या कुठल्याही खणातून न बघता गोळी काढतो. तिथून डावीकडे झाडांची गल्ली आणि तीन मजली, बिनलिफ्टच्या इमारती. आई त्या दिवशी चौघांनाही विचारून आली. सव्वीस वर्षं, एकतीस वर्षं, चाळीस वर्षं. भट्टीवाल्या बाई तर तिथेच जन्मलेल्या. इतका आनंद तिला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

घर तळमजल्यावरचं. स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या भिंतीकडे बघते आणि भिंतीवर ओल आहे. शिवाय मागे एक जादा खोली, लहान, गल्लीकडे खिडकी असलेली. वरच्या मजल्यावर दुसरं घर रिकामं होतं, त्यात ती खोली नव्हती पण उजेड भरपूर. मी वही उघडली आणि वरच्या घराची बाजू मांडू लागलो.

इथे मला एकोणीस वर्षं मागे जावं लागतं. तू विसरला नसशीलच. तुझी तिसरी नोकरी सुटली होती, तुझी खाट बोळात होती आणि रोज शाळेतून आल्यावर माझा गुडघा तिच्यावर आपटायचा. त्या संध्याकाळीही आपटला. मी वर्गात बोलतो त्याच स्वरात म्हणालो, या घरात तिघांचीच जागा आहे. तू बोटांवर मोजलंस. आई, वहिनी, मी. चौथं बोट तू दुमडलंस आणि किंचित हसलास. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेत असताना तू गेलास. आईला मी सांगितलं की तुला बाहेरगावी काम मिळालं, घाईत निघावं लागलं, निरोप माझ्याकडे दिलास. व्याकरणात कुठे चूक नव्हती. आईने 'बरं' म्हटलं आणि तुझी खाट भिंतीला उभी करून ठेवली. त्यानंतर तिने मला कधी काही विचारलं नाही आणि तिला ते पटलं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो.

तर त्या मागच्या खोलीत एजंट फीत लावून मापं घेत होता आणि मी आईला समजावत होतो की आम्हाला मूलबाळ नाही, तीन माणसांना ही खोली हवी कशाला. आईने खिडकीच्या गजावर हात ठेवला होता. माझ्याकडे न वळता ती म्हणाली,

"त्या दिवशी तू तीन म्हणालास. आता चार मोज."

वहिनी खिडकीबाहेर बघू लागली. एजंटाला काही कळलं नाही, त्याने निमूटपणे मापांखाली चार लिहिलं. तू बोटं मोजलीस त्या संध्याकाळी आई पडद्यामागे तांदूळ निवडत होती, हे मला त्या क्षणी आठवलं. एकोणीस वर्षं ती मला रोज जेवायला वाढत होती, धाकट्या, आणि एकदाही तिचा हात आखडला नाही.

आम्ही राहायला गेलो. मागच्या खोलीत तुझी खाट लावली. आईने तिच्यावर चादर घातली, ती दर आठवड्याला बदलायची. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी चालायला सांगितलंय, असं म्हणून ती सकाळ-दुपार स्टेशनपर्यंत जाऊन यायची आणि येताना काहीतरी घेऊन यायची. खोकल्याच्या चार गोळ्या. एक पाव. बुटाच्या नाड्या. धाकट्या, आपल्या घरात आज एका पायदळ तुकडीला पुरतील इतक्या नाड्या आहेत. मी तिला चिडवायचो की बाजारपेठ तुझ्या जिवावर चालली आहे. ती म्हणायची, चालू दे. माझी शाळेची बस मागच्या रस्त्यावरून सुटते, त्यामुळे स्टेशनच्या बाजूला जायचा मला प्रसंगच नव्हता.

सहाव्या महिन्यात आई गेली. हे वाक्य मी चार पानं पुढे ढकलत आलो. दुपारची वेळ, तुझ्या खाटेच्या कडेला बसून चादरीची घडी घालत होती. वहिनीने हाक मारली तेव्हा घडी अर्धी झाली होती. शाळेत निरोप आला, मी बसने आलो, आणि बस त्या दिवशी तिच्या नेहमीच्याच वेगाने चालली. गुडघ्यांची आम्ही काळजी करत राहिलो, हृदयाकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात मृत्यूचा दाखला आणायला मी रेल्वेने गेलो आणि परतताना, राहायला आल्यापासून पहिल्यांदाच, स्टेशनच्या बाजूने घरी निघालो. पायऱ्या उतरलो तर चपला शिवणाऱ्याने हातोडी खाली ठेवली. भट्टीवाल्या बाई फळीवरून वाकून बघायला लागल्या. औषधवाला तर गिऱ्हाईक सोडून रस्त्यावर आला आणि त्याने माझा हात धरला. "आलात का? तुम्ही धाकटे ना?"

उंची आपली सारखी आहे. डावी भुवई माझी तुटलेली नाही, पण तेवढं त्याने घाईत पाहिलं नसावं. आईने त्यांना सगळं सांगून ठेवलं होतं. उंच आहे, भुवई तुटलेली, उशीर झाल्यासारखा चालतो. लाजेल, स्वतःहून पत्ता विचारणार नाही, तुम्हीच विचारा. डावीकडे वळवा, झाडांची गल्ली, तळमजला. पायऱ्यांपासून घरापर्यंत एकेकाला तिने गाठलं होतं आणि दर भेटीत काहीतरी विकत घेऊन आठवण ताजी ठेवली होती.

मी म्हणालो, नाही, मी थोरला. तो ओशाळला. थोरले पण आहेत हे आजी कधी बोलल्या नाहीत, म्हणाला, आणि त्याने विचारलं, आजी दिसल्या नाहीत तीन आठवडे? दाखला माझ्या खिशात होता. मी सांगितलं. मग तो म्हणाला, तरी आमचं लक्ष असेल.

आता हे पत्र कशासाठी ते. टपालवाले जुन्या पत्त्यावरची पत्रं सहा महिने नव्या घरी पाठवणार होते, ते सहा महिने संपले. तुझ्या दोन कार्डांमध्ये अडीच वर्षांचं अंतर असतं, आणि शेवटचं येऊन तेवढी होत आली. आठवं येईल, तेव्हा ते घ्यायला तिथे दार नसेल. तू स्वतः आलास तर पत्र्याचं कुंपण दिसेल आणि तू, मला माहीत आहे, कुणालाही न विचारता परत फिरशील. पण आपल्या जुन्या कोपऱ्यावरचा किल्लीवाला अजून त्याच्या छत्रीखाली बसतो. तुझ्यासारखं सहा किल्ल्या हरवणारं गिऱ्हाईक विसरत नाही, म्हणाला, दिसलं की मीच हाक मारीन. नव्या घराच्या चार किल्ल्या मी त्याच्याकडूनच करून घेतल्या. एक माझी, एक वहिनीची, आईची दारामागच्या खिळ्याला आहे. चौथी या पत्राबरोबर, बुटाच्या नाडीत ओवून, त्याच्या पेटीत ठेवतो आहे. तेव्हा हे तू वाचत असशील तर त्याच्या छत्रीशेजारी उभा असशील. मी चुकलो, धाकट्या. हे तीन शब्द मला तुझ्या चार शब्दांपेक्षा जड गेले आणि आई असेपर्यंत लिहून झाले नाहीत. तू आलास तर घरात आपण तिघंच असू. मी तेव्हा म्हणालो होतो तेवढेच. पत्ता पाकिटाच्या मागे लिहिला आहे, पण तो हरवलास तरी चालेल. स्टेशनच्या पायऱ्या उतर आणि नुसता उभा राहा. तिथे तुला सगळे ओळखतात. मला अजून तुझा भाऊ म्हणूनच ओळखतात.

तुझाच,
दादा