डावऱ्याचा नारळ

खारेवाडी, जि. रायगड
५ जानेवारी २०२५

ती. तात्यांस,
तनुजाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन तुम्ही कपाटात ठेवलंय, म्हणून हे पत्र. इथं भरतीचं पाणी बांधानं अडवून, दलदल सुकवून लोक भात करतात. त्या शेतांतला एक लांबट मातीचा उंचवटा आम्ही उत्खननात उभा कापून पाहतोय. आत चिखलाचा थर, त्यावर खारफुटीतल्या तिवराच्या फांद्या, पुन्हा चिखल. बुंधे आत, शेंडे बाहेर, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. या किनाऱ्यावर असं कुणी बांधत नाही. हे काम हजार वर्षांपूर्वीचं असावं, असं मी फेब्रुवारीत पुण्याच्या परिषदेत मांडणार आहे. चित्र सोबत आहे. वैजापूरला जन्मभर बांध घातलेत, तेव्हा लेकीचा बांधही तपासा. चुका काढायला तुम्हाला आवडतंच!

आईला नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.
तुमची तनुजा

औरंगपुरा, छ. संभाजीनगर
१७ जानेवारी

चि. तनुजास अ. उ. आ.

चित्र भिंग लावून तीन दिवस पाहिलं. परिषदेत एवढ्यात बोलू नकोस.

पोरी, हा तुझ्या घरचा बांध आहे. काळी माती भेगाळते, म्हणून आपल्यात तरवडाच्या फांद्या अशाच घालतात. तू शहरात वाढलीस, तुला कुठून ओळखू येणार? फक्त आपल्या फांद्या उजवीकडं कलतात. चित्रातल्या डावीकडं आहेत. तुझा बन्सीकाका डावरा होता.

तो कामाला गेला आणि परतला नाही, एवढंच तुला ठाऊक. बहात्तरच्या दुष्काळात अर्धा बांध टाकून तो समुद्राकडच्या कामावर निघाला. मी थोरला, लई तापलो. अर्धा बांध टाकणाऱ्याचं तोंड पुन्हा पाहणार नाही, असं बोललो. पन्नास वर्षं पितृपक्षात मी त्याचं पान वाढलेलं नाही. वाढलं तर तो गेला, असं होईल. तिथल्या जुन्या माणसांना विचार. माझ्या वयाकडं पाहून काही लपवू नकोस.

आशीर्वाद मागावे लागणार नाहीत, ते आहेतच.
तात्या

खारेवाडी
९ फेब्रुवारी

ती. तात्यांस शि. सा. न. वि. वि.

खालचा उंचवटा जुनाच आहे. फांद्या घातलेले वरचे तीन हात मात्र पन्नासेक वर्षांचे, असा तपासणीचा निकाल आला. निबंध मागं घेतला. त्याचं वाईट वाटत नाही.

इथल्या गोजरबाई ऐंशीच्या आहेत. त्या सांगतात, त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात घाटावरून टोळी आली होती. काम संपल्यावर टोळी गेली, एक अबोल डावरा तेवढा मागं राहिला. श्रावणातल्या उधाणात बांधाला खांड पडली. सगळे पळाले, तो तिथं फांद्या रचत राहिला. गोजरबाईंच्या सासऱ्यांनी हाका मारल्या. तर तो म्हणाला, की एकदा अर्धा बांध टाकून आलो आणि भाऊ गमावला, आता टाकणार नाही. दुसऱ्या दिवशी ओहोटीला सापडला. गावानं बांधाच्या टोकाशीच अग्नी दिला. नाव-गाव कुणाला ठाऊक नव्हतं, कळवणार कुणाला? पण दर नारळी पौर्णिमेला तिथं एक नारळ वाढवतात. त्याला डावऱ्याचा नारळ म्हणतात.

तात्या, मी काही लपवलेलं नाही. रडायचं तर आईजवळ बसून रडा.
तुमची तनुजा

औरंगपुरा
२३ सप्टेंबर

चि. तनुजास अ. उ. आ.

उत्तराला सात महिने लागले. म्हातारा रुसला, असं तुला वाटलं असेल. लिहायला बसायचो आणि उठायचो. त्याचं तोंड पाहणार नाही, असं मी म्हणालो होतो. जन्मात देवानं माझं तेवढंच ऐकलं. पुढच्या नारळाला मी येणार, गुडघे काय म्हणतील ते म्हणोत. गोजरबाईंना त्याचं नाव सांग. नारळाचं नाव मात्र तेच राहू द्या म्हणावं.

लोभ तर आहेच, अधूनमधून घरीही येत जा.
तात्या

ता. क. परवा सर्वपित्रीला बन्सीचं पान वाढलं. लहानपणी तो पान फिरवून भाजी डाव्या हाताशी घ्यायचा आणि मी त्याला मारायचो. परवा भाजी मीच डावीकडं वाढली, चटणी उजवीकडं. गुरुजींनी चूक दाखवली. जेवणारा डावरा आहे, असं मी त्यांना सांगितलं.