अठरा की वीस

३ नोव्हेंबर, सोमवार
सकाळच्या बॅचला चौघे. एकाने क्लच असा सोडला की माझा चष्मा मांडीत. नंदोरी रोडवर कापसाच्या गाड्यांची रांग, मैदानापर्यंत पोचायलाच अर्धा तास गेला.

पेपरात आलं आहे, ट्रकच्या लायसनचं वय विसावरून अठरावर आणायचा विचार चालू. विचारच, निर्णय नाही. पण प्र.ने पेपर बरोबर त्या बातमीवर घडी घालून माझ्या ताटाजवळ ठेवला आणि आत गेली. माझी पोरगी बोलत नाही तेव्हा समजायचं, तिचं पक्कं ठरलेलं आहे.

जूनमध्ये तिला अठरा पूर्ण झाली. जुलैत कारचं लायसन. ते एक वर्ष जुनं झाल्याशिवाय ट्रकचं मिळत नाही. म्हणजे वय उतरलं तर पुढच्या जुलैत, नाही तर त्याच्याही पुढच्या जूनला. आमच्या ड्रायव्हिंग शाळेचा ट्रेनिंगचा ट्रक ती कापसाच्या जिनिंग मिलच्या बंद आवारात चालवते. रस्त्यावर मी काढू देत नाही. रिव्हर्स माझ्यापेक्षा साफ घेते. तिला सांगितलेलं नाही, डोक्यावर बसेल.

५ नोव्हेंबर, बुधवार
ट्रान्सपोर्टवाले शेठ आले. जिनिंगच्या गाठी हैदराबादला नेतात. सात ट्रक नुसते उभे, ड्रायव्हर नाही.
"मास्तर, आजकालचे पोट्टे मोबाइलशिवाय काहीच चालवत नाई."
मालकांच्या संघटनेचं निवेदन आणलं होतं, वय कमी करा म्हणून. २१ तारखेला वर्ध्याला परिवहन कार्यालयात देणार. माझ्या नावापुढे त्यांनीच टाइप करून आणलेलं: ड्रायव्हिंग स्कूलचे संचालक, विसाव्या वर्षी लायसन, तेहतीस वर्षांचा अनुभव, एकही अपघात नाही.
"तुमच्या सहीले वजन हाय. अन् वय उतरलं का पहिली गाडी प्रज्ञाले. लेडीज ड्रायव्हर! पेपरात फोटो!"
पेन नाही म्हणालो. खिशात दोन होते. शेठनी आपलं पुढे केलं तर म्हटलं चष्मा घरी राहिला. चष्मा नाकावर होता. शेठ हसले. "सोचके दो," म्हणाले आणि कागद ठेवून गेले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
बायको, सु., सकाळपासून खुशीत. प्र.साठी स्थळ सांगून आलं. मुलगा हिंगणीला, वनखात्यात, आपल्या समाजातला, नोकरी कायम. २३ला रविवारी पाहायला येतो म्हणतात.
प्र. भाकरी मोडता मोडता म्हणाली, "ट्रकले वीस लागते अन् लग्नाले अठरा चालते? संसार काय ट्रकपेक्षा हलका हाय?"
"तोंड पाहा पोरीचं! मी सोळाची होती तं..." सु. बोलता बोलता भाजीत मीठ घालायला उठली. भाजीत मीठ होतं.

मला हसू आलं आणि टोचलंही. एका वर्षाचा तर फरक, असं आपण म्हणतो. पण लग्नाच्या पोरीला एक वर्ष म्हणजे दोन लगीनसराया. तेवढ्यात तिचं कुठेतरी उरकून टाकतील. टाकणाऱ्यांत मीही असेन, उगाच साळसूदपणा नको.

८ नोव्हेंबर, शनिवार
लिहूनच टाकतो. इतकी वर्षं या वहीतही लिहिलं नाही.

लायसन काढलं तेव्हा मी वीसचा नव्हतो. गिरडच्या शाळेत हेडमास्तरांनी दाखल्यावर १ जून टाकली. ती अर्ध्या गावाचीच जन्मतारीख, आमच्या वर्गातले बहुतेक एकाच दिवशी जन्मले. वर्ष विचारलं तर बाबा म्हणाला, "काळा बैल घेतला त्या सालचा." मास्तरांना काय माहीत बैल कधी घेतला. अंदाजाने लिहिलं, दोन वर्षं जास्त पडली. आईला खरं माहीत होतं, पण तिला विचारतो कोण? कागदावर वीस, अंगात अठरा.

मामा ट्रक चालवायचा, मी त्याच्यासोबत. लायसन आल्यावरची चौथी खेप. हैदराबादच्या वाटेवरचा निर्मलचा घाट, रुईच्या गाठी भरलेल्या. मामाची ती सलग तिसरी खेप, डाव्या सीटवर मेल्यासारखा झोपलेला. उतारावर मी न्यूट्रल मारला. सगळेच मारायचे, डिझेल वाचतं, मालक पाठ थोपटतो. इंजिनचा आवाज बसतो आणि एवढी मोठी गाडी आपोआप पळते, ते त्या वयात फार आवडतं. मग सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापले. पाय दाबतोय आणि खाली काहीच नाही. गिअर पडेना. मी डोंगराच्या बाजूला घातली. डोंगर डावीकडे होता.

मामाचा डावा पाय घोट्यावरून गेला.

पोलीस आले तर मामा त्या अवस्थेत म्हणाला, "गाडी मीच चालवून राह्यलो होतो." चालवणारा डावीकडे कसा सापडला, हे कोणी विचारलं नाही. त्याचं लायसन गेलं. माझ्या नावावर आजवर ओरखडा नाही. त्याच नावावर शाळा काढली. सु.ला माहीत नाही, प्र.ला माहीत नाही. लाज वाटते.

१० नोव्हेंबर, सोमवार
काल गिरडला मामाकडे गेलो. कार प्र.ने चालवली. ती वर टेकडीवरच्या दर्ग्यात गेली, मी खाली मामाच्या पानठेल्यावर बसलो. चौऱ्याहत्तरचा झाला. रबरी पाय काढून बाजूला ठेवलेला. शेठच्या कागदाचं सांगितलं. खरं काय ते लिहून देऊ का, विचारलं.
"माह्या पायाचं तू काऊन लिहितं? पाय माहा हाय."
"मग सही करू? एकही अपघात नाही म्हणून?"
"तुह्या वयानं नाई झालं ते. मी झोपलो म्हणून झालं. तीन तीन खेपा लावल्या मालकानं, झोपन नाई तं काय? अन् न्यूट्रल तं मीच शिकवला तुले. विसाचा असता तरी मारलाच असता."
पानाला चुना लावत म्हणाला, "इतके वर्सं सांगून राह्यलो का गाडी मीच चालवत होतो. आता मले तसंच आठवते, देवानंद. स्टेरिंग माह्याच हातात दिसते."
मला रडू आलं. भर रस्त्यावर, एवढा घोडा झालेला माणूस. मामाने पान पुढे केलं, "घे, खा. पोरगी कशी चालवते?"
"चांगली. माझ्याहून चांगली."
"मंग चालवू दे ना बापा."

परतताना गिरडच्या पुढे एका टेकडीचा उतार लागला. प्र.ने सहज न्यूट्रल मारला. आवाज बसला, गाडी हलकी झाली. मी असा ओरडलो की रस्त्याने जाणारी बाई डोक्यावरचा भारा टाकून बाजूला झाली. प्र.ने गिअर टाकला, गाडी कडेला घेतली.
"काय झालं बाबा? सगळेच मारतात. आपल्याच शाळेतल्या पोट्ट्यांनी सांगितलं मले."
मग तिथेच बसून सगळं सांगितलं. घाट, मामा, पोलीस, १ जून. ती समोर काचेतून बघत ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "आता तुम्ही चालवा."

१२ नोव्हेंबर, बुधवार
प्र. बोलत नाही. चहा आणून ठेवते, कप जरा जोरात. सु. विचारते, "बापलेकीचं काय झालं?" मी म्हटलं, न्यूट्रल मारला म्हणून रागावलो. खोटं नाही, पण खरंही नाही. या कामात माझा हात चांगलाच बसलेला आहे.

आज बॅचला विचारलं, उतारावर न्यूट्रल कोण कोण मारतं? पाचपैकी पाच हात वर. एकाला तर अभिमान. मी यांना आठाचा आकडा शिकवतो, इंडिकेटर शिकवतो. घाट कधी शिकवलाच नाही. हिंगणघाटच्या नावात तेवढा घाट, गावात शोधून उतार सापडत नाही, ही सबब मी इतकी वर्षं सांगत आलो. खरं म्हणजे मला घाटात जायचंच नव्हतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार
प्र. बोलली. जिनिंगच्या आवारात रिव्हर्स घेतला, इंजिन बंद केलं आणि चावी हातात धरून विचारलं, "आजोबांनी खोटं सांगितलं नसतं, तर तुम्ही आज काय करत असते?"
माहीत नाही म्हटलं. शाळा तरी नसती.
"म्हणजे तुमची चूक झाली तं बाजूच्या सीटवर आजोबा होते. माह्या बाजूले कोण राहीन?"
"मी राहीन."
"तुम्ही शाळेत राहान, बाबा. गाडी शेठची, माल शेठचा, बाजूले शेठनं बसवलेला कोणीतरी. तीन खेपा करून झोपलेला."
मला वाटलं पोरगी घाबरली, आता नाद सोडेल. वाटलं काय, थोडं बरंही वाटलं. तेवढ्यात तिने चावी फिरवली. "पण चालवाचं तं हायच मले," म्हणाली आणि पुन्हा एक रिव्हर्स घेतला. मधे कपभर चहा ठेवला असता तर सांडला नसता.

१७ नोव्हेंबर, सोमवार
शेठच्या कागदावर सही करणार नाही. स्वतःचं वेगळं पत्र लिहिलं, परिवहन कार्यालयाच्या नावाने. चार कागद फाडले. मजकूर थोडक्यात:

अठराला माझी हरकत नाही. पण पहिलं वर्ष शेजारी जुना ड्रायव्हर पाहिजे, आणि त्या जुन्याची झोप झालेली पाहिजे. नव्या माणसाला सलग खेपा नकोत. घाट उतरवून दाखवल्याशिवाय लायसन नको. एवढं होत नसेल तर वीसच राहू द्या, पोरं मारू नका.

मग हे का म्हणतो ते लिहिलं. माझं खरं वय, मामाची साक्ष, सगळं. मामाला फोन करून वाचून दाखवलं. "तुह्या मनाचं कर," म्हणाला. ना हो म्हणाला, ना नको. नंतर फोन त्याच्या हातात तसाच चालू, आणि तो कुणाला तरी सुपारी देतोय.

सही करायला पेन लगेच सापडलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार
सु.ला सांगितलं. तिच्याच हातात पत्र दिलं.
आधी वाटलं ओरडेल. ओरडली नाही. "चोवीस वर्सं झाली लग्नाले," म्हणाली. "मामा आले का मी त्यांच्या पायाले तेल लावून द्यायची. तुम्ही समोर बसून पेपर वाचत होते."
वाचत होतो. खरं आहे.
मग ओरडली. "शाळेचं लायसन काढून घेतलं तं खाणार काय? अन् रविवारी पाहुणे येऊन राह्यले, त्यांच्या कानावर गेलं म्हणजे?" आणि जरा वेळाने, आवाज उतरवून, "तुमच्या या पत्रानं वय उतरन का तसंच राहीन?"
एका माणसाच्या पत्राने काही होत नाही म्हटलं.
"मंग काऊन देता?"
शेठच्या कागदावर माझ्या नावापुढे एकही अपघात नाही असं छापलेलं आहे. ते वाचल्यापासून मला नीट जेवण जात नाही, एवढंच सांगितलं. सु.ने पत्र घडी घालून परत दिलं. देऊ नका म्हणाली नाही. द्या असंही म्हणाली नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी पत्र द्यायला मीच वर्ध्याला निघालो होतो. बॅचमधल्या एकाची उद्या टेस्ट, त्याचे वडील येऊन बसले, अर्धा तास शिकवाच म्हणून. प्र. कॉलेजच्या फॉर्मसाठी वर्ध्याला जाणारच होती.
"द्या इकडे. देऊन येईन मी."
लिफाफा उघडाच होता. तिने वाचलं आहे का, माहीत नाही. वाचलं नसलं तरी आत काय आहे ते तिला ठाऊक. त्या कागदाने शाळा जाऊ शकते. शाळा गेली तर ट्रेनिंगचा ट्रक जातो, आवारातला रिव्हर्स जातो, शेठची पहिली गाडी जाते. हे सगळं तिच्या हातात देताना मला कळत होतं. तरी दिलं. भेकडपणा केला की विश्वास टाकला, ते आत्ताही सांगता येत नाही.
"शिक्का मारून पोच घेजो," एवढं म्हटलं.
"हो."

दुपारी शेठचा फोन. उद्या जातोय, सही? नाही म्हटलं. "क्या हुआ मास्तर, पोरीचं तरी पाहा!" पोरीचंच पाहतोय म्हटलं. त्यांना पटलं नसावं, फोन आपटला.

प्र. साडेपाचला आली. हातपाय धुतले. सु.ने विचारलं ऊन होतं काय, तर म्हणाली होतं. माझ्यासाठी चहा ठेवला. कप हळू ठेवला. म्हणाली, "बाबा, उद्या सकाळी आवारात भरलेला ट्रक मिळन काय? रिकाम्यावर काही समजत नाई."
बघतो म्हटलं.
लिफाफ्याचा विषय तिने काढला नाही. मीही विचारलं नाही. दिला असेल तर मला मोकळं वाटेल. दिला नसेल तर मी तिच्यावर रागावू शकणार नाही, अठराव्या वर्षी मीही पोलिसांसमोर गप्पच उभा होतो.
आता ती आत आईला भाजी निवडू लागते आहे. तिची बॅग समोर खुंटीला. पोच असेल तर त्यातच असेल. खुर्चीपासून दोन पावलं. मघापासून मी इथेच बसून लिहितो आहे.