पंचवीस वर्षांच्या सुट्टीतून सुटका

अण्णा, तुम्ही गेल्यानंतर मी एकदा चांगलीच फसले आणि त्यातून बाहेरही आले. बाहेर आले हे आधी सांगून टाकते, कारण लेकीच्या बाबतीत तुम्हाला धीर नसायचा. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. मी आता बावन्न वर्षांची आहे, संगमनेरातच आहे, डेअरीच्या प्रयोगशाळेत. रोज सकाळी दुधाचे नमुने तपासते. कुणी पाणी घातलंय, कुणी युरिया, ते शोधून काढणं हे माझं काम. त्यामुळे मी फसल्याचं कळलं तेव्हा डेअरीत सगळ्यांना भारी मौज वाटली. "मॅडम, तुमचाच नमुना फेल गेला की!" मीही हसले. घरी येऊन मात्र भांडी इतकी जोरात घासली की एका पातेल्याचा कान तुटला.

झालं ते असं. साडीच्या दुकानात एक कूपन भरलं होतं. महिन्याने फोन आला, तुमचा नंबर लागलाय, पुणे रोडच्या हॉटेलात नवरा-बायको दोघांनी या, जेवण आहे, भेटवस्तू आहे. आम्ही गेलो. हॉलमध्ये मोठ्याने गाणी लावलेली, गोल टेबलं, प्रत्येक टेबलावर एक जोडपं आणि समोर कोट घातलेली एक मुलगी किंवा मुलगा. मध्येच कुणीतरी सही करायचं, मग माईकवरून त्यांचं नाव पुकारायचं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. आमच्या टेबलावरची मुलगी फार गोड बोलत होती. दरवर्षी एक आठवडा, डोंगरात नाहीतर समुद्राकाठी, त्यांच्या हॉटेलात खोली तुमची. पंचवीस वर्षं. तिने समुद्राचा फोटो पुढे सरकवला आणि विचारलं, "काकू, आईवडिलांना कधी फिरायला नेलं होतं का हो?"

तिथे, अण्णा, मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. मी सातवीत असेन. आई भाकरी थापतेय, तुम्ही चुलीजवळ पाटावर बसलाय, बोटांना टायपिंगच्या कार्बनची निळी शाई. मी विचारते, अण्णा, तुम्ही समुद्र पाहिलाय का? तुम्ही म्हणता, "पाह्यला न्हाई, पन टाइप केलाय. एका मास्तरांच्या रजेच्या अर्जात. 'सहकुटुंब समुद्रकिनारी' असं. लई झ्याक अर्ज झाल्ता." आई भाकरी हातात तशीच धरून हसत सुटते. पुढे मला पगार सुरू झाला तेव्हा मी तुम्हाला म्हणायचे, जाऊ एकदा. तुम्ही म्हणायचात, जाऊ की. मग तुम्ही दोघंही गेलात.

त्या मुलीने तीन तास आम्हाला उठू दिलं नाही. ऑफर आजच्या दिवसापुरती, उद्या विचार करून येतो असं चालणार नव्हतं. सही झाली, पैसे भरले, टाळ्या वाजल्या.

पुढच्या मे महिन्यात कोकणातली खोली मागितली तर शिल्लक नाही. दिवाळीत मागितली, तेव्हाही नाही. पावसाळ्यात मिळेल म्हणाले, तीही भलत्याच राज्यातली. एवढ्यात देखभालीच्या शुल्काची नोटीस आली. तुम्ही जा किंवा जाऊ नका, ते दरवर्षी भरायचं आणि ते वाढत जाणार. तेव्हा मी करार पहिल्यांदा नीट वाचला. एकोणीस पानं, बारीक अक्षर. रद्द करायची मुदत दहा दिवसांची आणि करार घरी पोचला होता विसाव्या दिवशी. सतराव्या पानावर लिहिलं होतं की सभासद वारला तर हे सगळं वारसाकडे जाईल. म्हणजे माझ्या लेकीकडे. अण्णा, तुम्ही मला जमीन दिली नाहीत, घर दिलं नाहीत, पण असलं लोढणंही गळ्यात टाकून गेला नाहीत. ते पान वाचलं आणि माझं डोकं फिरलं.

कंपनीला फोन केले. "मॅडम, सदस्यत्व रद्द होत नाही." दर वेळी नवा आवाज, वाक्य तेच. नणंद म्हणाली, सोडून दे, फुकटच्या जेवणाला गेलात त्याची ही शिक्षा. तुम्हीही हेच म्हणाला असतात, मला माहीत आहे. कशाला गेलीस, म्हणाला असतात. तर ऐका, मी गेले कारण मला समुद्र बघायचा होता. नळाचं पाणी, डेअरी, घर यातून आठ दिवस उठून कुठेतरी जावं असं बाईमाणसाला वाटलं तर त्यात हावरेपणा काय आहे? चूक कंपनीची होती. त्याची लाज मी बाळगणार नाही असं मी ठरवलं.

तक्रार स्वतः लिहायला बसले. तीन ओळी झाल्या आणि थांबले, कारण मी लिहिलं होतं, 'कृपया मेहेरबानी करून'. तुम्ही तहसील कचेरीसमोरच्या तुमच्या टेबलाशी बसलेले दिसलात. मी अकरावीत आहे, शिष्यवृत्ती अडकलीय, अर्ज लिहून तुमच्याकडे टाइपाला आणलाय. तुम्ही वाचता, चष्मा काढता आणि अर्ज करायला आलेल्या चार माणसांसमोर मला झापता. "मेहेरबानी कशापायी मागती? शिष्यवृत्ती तुझी हाय. त्यांनी अडीवली हाय. अडीवली असं लिव्ह." मी रडत घरी गेले होते, आणि पुढे कितीतरी दिवस त्या रस्त्याने फिरकले नव्हते. तो राग माझ्या मनात फार वर्षं होता, अण्णा. चारचौघांत बोलायला नको होतं तुम्ही, हे मी आजही म्हणेन. पण मेहेरबानी खोडली. 'करार रद्द करावा व घेतलेली सर्व रक्कम परत करावी' असं लिहिलं. खाली सही केली, ती या वेळी सगळं वाचून.

ग्राहक आयोग नगरला. आता अहिल्यानगर म्हणतात. एसटीने सात वेळा गेले, वकील केला नाही. कंपनीचे वकील म्हणाले, "बाई शिकलेल्या आहेत, प्रयोगशाळेत आहेत, वाचून सही केली आहे."

मी उभी राहिले. "वाचायला दिलं असतं तर वाचलं असतं. सहीचं एकोणिसावं पान तेवढं समोर ठेवलं होतं."

"मग सही का केलीत? कुणी हात धरला होता?"

"हात नाही धरला. तीन तास बसवून, खाऊ घालून, टाळ्या वाजवून नाही म्हणायची लाज वाटायला लावली. ती लाजच तुम्ही विकता."

सुनावणीच्या पाचव्या तारखेला आयोगाच्या व्हरांड्यात कंपनीचा माणूस आला. करार रद्द करतो, निम्मे पैसे देतो, फक्त याबद्दल कुठे बोलणार नाही असं लिहून द्या. आमचे हे म्हणाले, घे, सुटू एकदाचे. मी त्या माणसाला म्हटलं, पैशाचं नंतर बघू, आधी ते तोंड बंद ठेवायचं कलम काढा. त्याने नाही काढलं. मी नाही घेतलं. चार महिन्यांनी निकाल लागला. करार रद्द, शुल्क माफ, रक्कम परत. निकालाची प्रत मी डेअरीच्या जेवणाच्या खोलीत चिकटवली. सगळ्यांनी जेवताना वाचावी म्हणून मुद्दाम. त्यानंतर देवळाली प्रवराहून एक जोडपं आणि राजूरचे एक निवृत्त मास्तर असेच अडकलेले माझ्याकडे आले. दोघांच्याही तक्रारी मी लिहून दिल्या.

आणि समुद्रही पाहिला. एसटीने गेलो, साध्या घरगुती खोलीत राहिलो, दोन दिवस मासे खाल्ले. पाण्यात गुडघ्यापर्यंत उभी राहिले आणि तुमचा विचारसुद्धा आला नाही, खरं सांगते. फार मजा आली.

आता एकच राहिलं. हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणून लिहिता येतंय. नात्यात सगळे समजतात की त्या हॉटेलात यांनीच मला भरीला घातलं. नणंद तोंडावर बोलते, लेकही चेष्टा करते, आणि हे कधी काही म्हणत नाहीत, नुसते हसतात. खरं असं आहे अण्णा, की पेन हातात आलं तेव्हा यांनी टेबलाखालून माझा हात दाबला होता, म्हणाले होते, चल, घरी जाऊ. मी हात सोडवून घेतला आणि सही केली. आयोगासमोर मी सगळं बोलले, हे तेवढं अजून कुणाला सांगितलेलं नाही.